मेरी सीकोल आणि पात्रतेचा प्रश्न

क्रिमियाच्या युद्धाचें (१८५३–५६) नांव निघालें कीं हातीं दिवा घेतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. ती मूर्ति पूज्य आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच युद्धांतील जखमी शिपायांच्या सेवेसाठीं वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं लंडनच्या युद्धखात्याच्या पायऱ्या चढलेली आणि तेथून विन्मुख परतलेली मेरी सीकोल आपल्या वाचकांस फारशी परिचित नाहीं. शुश्रूषेच्या कामास पात्र कोण, आणि तें ठरवावयाचें कशावरून, हा प्रश्न तिच्या चरित्रांत मोठ्या तीव्रतेनें उभा राहतो.

मेरीचा जन्म १८०५ सालीं जमेका बेटांतील किंग्स्टन शहरीं झाला. बाप स्कॉटिश, लष्करी पेशाचा. आई मिश्र वंशाची, परंतु गुलामगिरींतून मुक्त असलेली. आईला झाडपाल्याच्या औषधांचें चांगलें ज्ञान होतें आणि तिच्या वसतिगृहांत आजारी लष्करी अंमलदार येऊन राहत. ही विद्या लेकीनें आईच्या हाताखालीं उचलली. १८४४ सालीं तिला वैधव्य आलें. १८५० सालीं जमेकांत पटकीची सांथ आली. पुढच्याच वर्षीं पनामांतील क्रूसेस गांवीं तीच सांथ तिनें पुन्हां पाहिली. १८५३ सालीं जमेकांत पीतज्वर पसरला, तेव्हां छावणीसाठीं परिचारिका पुरविण्याचें काम वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं तिच्याकडेच सोंपविलें. जमेकांतील लष्कराला तिची योग्यता पुरती ठाऊक होती.

१८५४ च्या शरदृतूंत ती लंडनला आली. आल्मा नदीची लढाई २० सप्टेंबरला झाली होती आणि जखमींचे हाल 'टाइम्स' पत्रानें घरोघर पोंचविले होते. सिडनी हर्बर्ट या मंत्र्याच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई २१ ऑक्टोबरला ३८ स्त्रिया बरोबर घेऊन निघाल्या. त्यांत १० कॅथलिक जोगिणी, १४ अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनी आणि १४ इस्पितळांतील परिचारिका होत्या. त्या गेल्यानंतर मेरीची खटपट सुरू झाली. युद्धखात्यानें तिला दुसरीकडे धाडलें, दुसऱ्यानें तिसरीकडे. हर्बर्ट यांच्या घरीं ती ताटकळत बसली. जागा भरल्या आहेत, असें उत्तर मिळालें. शेवटीं युद्धनिधीच्या चालकांकडे तिनें केवळ प्रवासखर्च मागितला. तोहि नाकारण्यांत आला. आपल्या कातडीचा रंग तर आड येत नसेल ना, ही शंका तेव्हां तिला शिवली, असें तिनें आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

ही हकीकत मुख्यतः तिच्याच लेखणींतून आपणांस कळते. ती उशिरां पोंचली आणि रीतसर अर्जाची वाट तिनें धरली नाहीं, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. या आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे. परंतु त्या काळीं शुश्रूषेची सर्वमान्य परीक्षा वा दाखला मुळीं नव्हताच. नाइटिंगेल यांची शाळा सेंट टॉमस इस्पितळांत निघाली ती १८६० सालीं. तेव्हां निवड होई ती शिफारशीवर, संस्थेच्या नांवावर आणि निवडणाऱ्यांच्या मतावर. लिहिलेला नियम कितीहि कडक असला तरी उमेदवाराला तो वाचतां येतो, त्याविरुद्ध दाद मागतां येते. न लिहिलेल्या नियमापुढें मात्र त्याला आपली उणीव वयाची, वर्णाची कीं ओळखीची, हेंच कळत नाहीं. आणि जी उणीव कोणी बोलून दाखवीत नाहीं ती भरून काढावी तरी कशी?

मेरीनें वाद घातला नाहीं. पतीच्या नात्यांतील टॉमस डे या गृहस्थाशीं तिनें भागीदारी केली, १८५५ च्या आरंभीं स्वतःच्या पैशानें क्रिमिया गांठला, आणि बालाक्लावाजवळ वाहून आलेलें लांकूड, खोकीं व लोखंडी पत्रे यांचें 'ब्रिटिश हॉटेल' उभारलें. तें दुकान होतें, खाणावळ होती आणि औषधालयहि होतें. अंमलदारांकडून ती दाम घेई. आणि लढाईच्या दिवशीं मलमपट्ट्या व खाद्यपेयें घेऊन रणभूमीवर जाई. सप्टेंबर १८५५ मध्यें सेवास्तोपोल पडलें तेव्हां त्या शहरांत शिरणाऱ्या पहिल्या स्त्रियांत ती होती.

मार्च १८५६ मध्यें तह झाला. माल अंगावर पडला आणि तिचें दिवाळें निघालें. शिपाई मात्र तिला विसरले नाहींत. १८५७ च्या जुलैंत लंडनला तिच्या साहाय्यार्थ चार दिवसांचा मोठा समारंभ झाला. त्याच वर्षीं तिचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत उठाव झाला आणि तेथील जखमी गोऱ्या सैनिकांकडे जाण्याची इच्छा या बावन्न वर्षांच्या स्त्रीनें धरली. युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर यांनीं तिला परावृत्त केलें. पदरीं पैसाहि नव्हता. ती १८८१ सालीं वारली. हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्यासाठीं लष्करी परिचारिकांची पहिली लहानशी तुकडी मुंबईस उतरली ती १८८८ सालीं.

२०१६ सालीं सेंट टॉमस इस्पितळाच्या आवारांत मेरीचा पुतळा उभा राहिला. नाइटिंगेल यांची शाळा याच इस्पितळाची, म्हणून त्यावर बराच वादहि झाला. वस्तुतः एकीचा गौरव केल्यानें दुसरीचा उणा होत नाहीं. शुश्रूषेला शिस्त, शिक्षण व नियम देणें हें नाइटिंगेल यांचें थोर कार्य. तें झालें नसतें तर इस्पितळें पूर्ववत् राहिलीं असतीं. परंतु ज्यांचें शिक्षण नियमांच्या आधींच, सांथीच्या घरांत आणि रोग्यांच्या उशाशीं झालें, त्यांची परीक्षा कोणी घ्यावयाची? निदान ती घेतल्यावांचून त्यांना परत धाडूं नये, एवढें तरी कोणत्याहि खात्याकडे मागणें अवाजवी नव्हे.