अश्रूंची मोजपट्टी

डोळ्यांत वाळू खुपते, ही तक्रार जुनी. तिला आकडा मात्र नव्हता. १९०३ मध्ये जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी गाळणकागदाच्या पट्टीवर अश्रू मोजण्याची कसोटी मांडली. पट्टीचे टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचे आणि ५ मिनिटांत ओल किती मिलिमीटर उतरली, ते पाहायचे. साधन तसे ओबडधोबडच. कागद टोचला तरी डोळा पाझरतो! तरीही १९३३ मध्ये स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी कोरड्या डोळ्यांवर प्रबंध लिहिला, तेव्हा ही कसोटी हाताशी होती. त्यांच्या १९ रुग्ण स्त्रियांपैकी १३ जणींना संधिवात होता. कोरडेपणा केवळ डोळ्यांचा नाही, हे त्यातून दिसत होते. प्रबंधाला पुरेशी श्रेणी मिळाली नाही. विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट अडली. आज तो आजार शोग्रेन यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या निकषांत शिर्मर यांची पट्टी आहे: ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओल.