घुमटाच्या आतली जागा



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असं समितीतल्या पोरांनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझी सगळी नोकरी ओव्हरसियर म्हणून बांधकामावर गेली. लेखणीपेक्षा ओळंबा मला बरा चालवता येतो. पण आपल्या विहाराच्या गच्चीवर काय बांधायचं यावरून गेले सहा महिने जी चर्चा चालली आहे, ती घरोघरी पोचलीच आहे. एक गट म्हणतो, दीक्षाभूमीसारखा घुमट उभा करू, लांबून दिसला पाहिजे. दुसरा गट म्हणतो, पोरांना अभ्यासिका हवी. दोन्ही गटांत माझे नात्यातले लोक आहेत. म्हटलं, आवाज चढवण्यापेक्षा आपल्या लोकांनी आजवर काय काय बांधलं, कसं बांधलं, हे एकदा बघू या.

सुरुवात सांचीपासून करावी लागते. तिथला मोठा स्तूप फोटोत सगळ्यांनी पाहिला आहे. सम्राट अशोकाच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, तो विटांचा होता. पुढे त्यावर दगडाचा थर चढला आणि तो मोठा झाला. आज त्याचा व्यास सुमारे १२० फूट आणि उंची सुमारे ५४ फूट आहे. मात्र हा स्तूप आतून भरीव आहे. दार नाही, खोली नाही. त्याच्या भोवतीने चालायचं, आत जायचं नाही. मग पावसापाण्यात लोक बसायचे कुठे? त्यासाठी चैत्यगृहं झाली. कार्ल्याच्या लेण्यात स्तूप आत, शेवटच्या टोकाला आहे, आणि त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना खांब असलेलं लांबलचक दालन माणसांसाठी. वर छताला लाकडाच्या कमानी आहेत. दगडाच्या डोंगराला लाकडी कमानींची गरज काय, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. त्या आधीची चैत्यगृहं लाकडाची असत, त्यांची सवय कारागिरांच्या हाताला होती. जुन्या घराचं रूप नव्या घरात उतरतं, ते असं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला जवळ. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून अर्धगोल आहे, वरचं छप्पर गजपृष्ठासारखं. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडलं आहे. आणि खाली गुलबर्ग्याकडे, भीमेच्या काठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला, १९९० नंतरच्या उत्खननात मोठा स्तूप निघाला. त्यात राजा आणि राणीचं एक शिल्प आहे आणि त्यावर ब्राह्मी लिपीत ‘राया असोको’ असं नाव कोरलेलं आहे. ते शिल्प चुनखडीच्या दगडात आहे. आपल्या विहारात ज्या शहाबादी फरशीवर आपण वंदनेला बसतो, ती त्याच भीमेच्या खोऱ्यातली चुनखडी. फरशी बदलून टाइल्स घाला म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. (हे विषयाबाहेर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

घुमटाखाली मोकळी जागा म्हणजे काय, हे आपल्या सोलापूरकरांना कळतं ते विजापूरच्या गोल घुमटात. शाळेची सहल तिथं गेली नाही असा माणूस इथं सापडणार नाही. १६५६ साली पुरा झालेला हा घुमट बाहेरून सुमारे १४४ फूट व्यासाचा, आणि खाली एकही खांब नाही. घुमटाचं दुखणं एकच असतं. त्याचं वजन नुसतं खाली येत नाही, ते भिंतींना बाहेर ढकलतं. विजापूरच्या गवंड्यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी रचून तो दाब आतल्या बाजूला तोलून धरला. वरच्या सज्जात एका टोकाला कुजबुजलं तर समोरच्या टोकाला ऐकू जातं, आणि मोठ्यानं ओरडलं तर आवाज कितीदा तरी परत येतो. पोरांना गंमत वाटते. पण तिथं कुणी प्रवचन द्यायला बसलं तर एक अक्षर कळायचं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. बाबासाहेबांनी स्वतः काय बांधलं? दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह, ते पुस्तकांसाठी. घर बांधताना पुस्तकांची सोय आधी पाहणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही. मग औरंगाबादचं नागसेनवन. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथल्या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली. देहूरोडच्या विहारात त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली, पण ते विहार साधंच होतं.

त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर लोकांनी बांधायला घेतलं. दादरच्या समुद्रकाठची चैत्यभूमी ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुली झाली. चौरस बांधणी, वर लहानसा घुमट, सांचीच्या धर्तीचं तोरण. सहा डिसेंबरला सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाऊन तासन्‌तास रांगेत उभं राहिलेल्यांना मी काय वेगळं सांगू? वास्तू छोटी आणि माणसांचा समुद्र मोठा.

आणि मग नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ची ती जागा. स्तूपाचा आराखडा वास्तुविशारद शिवदान मल यांचा. काम जुलै १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. तेवीस वर्षं! मधल्या काळात आपले लोक दरवर्षी दसऱ्याला जायचे आणि परत येऊन सांगायचे, “यंदा एवढं वर आलंय.” घुमट १२० फूट व्यासाचा आणि १२० फूट उंच. म्हणजे व्यास सांचीएवढाच, पण सांचीचा भरीव आणि हा पोकळ. बाहेरून धोलपूरचा दगड, चारी दिशांना चार दारं, त्यांपुढे सांचीसारखी तोरणं. तळमजल्याचं दालन २११ फूट लांब आणि तितकंच रुंद, वरच्या मजल्यावर पाच हजार भिक्खू बसू शकतील एवढी जागा.

सांचीचं रूप घेतलं, पण त्याला दार केलं. नागपूरच्या स्तूपातली सगळ्यात नवी गोष्ट मला हीच वाटते. दोन हजार वर्षं ज्याच्या भोवतीने फिरायचं, त्याच्या आत लोकांना बसवलं.

याचा अर्थ मला आराखडा बघून कळला नाही, आईमुळे कळला. २००२ साली तिला घेऊन गेलो होतो. माझे वडील १८७७ सालच्या जुन्या मिलमध्ये साचेवाले होते. आमच्या चाळीतून दिसणारी सगळ्यात उंच वस्तू म्हणजे मिलची चिमणी, आणि ती मालकाची. आई दीक्षाभूमीच्या दालनात शिरली, मधोमध जाऊन खाली बसली आणि अर्धा तास उठलीच नाही. मी म्हटलं, “आई, चल, बाकीचं बघायचंय.” ती म्हणाली, “बसू दे की जरा. हितं कुणी ऊठ म्हणनार न्हाई.” तिच्या लहानपणी गावच्या देवळाच्या पायरीपासून तिला उठवलं होतं. घुमट किती फुटांचा, हे तिनं विचारलंही नाही.

म्हणून घुमट हवा म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. पण आणखी एक तारीख त्यांच्यापुढे ठेवतो. दीक्षाभूमीवरचं डॉ. आंबेडकर महाविद्यालय १९६४ साली सुरू झालं. स्तूपाचं काम त्यानंतर चौदा वर्षांनी. त्याच जमिनीवर, त्याच लोकांनी, सदानंद फुलझेले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी, आधी कॉलेज चालवलं आणि मग घुमट उभारला.

त्यानंतर मुंबईत गोराईला विश्व विपश्यना पॅगोडा झाला. गोयंका गुरुजींच्या प्रेरणेने बांधलेली ही वास्तू ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुली झाली. उंची ३२५ फूट, आतला घुमट सुमारे २८० फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही, आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतात. आपल्या गोल घुमटाच्या जवळजवळ दुप्पट! एक दगड दुसऱ्यात खाचा करून अडकवलेला आहे, घुमटाला लोखंडाचा आधार दिलेला नाही. लोखंड नाही म्हणजे गंज नाही, म्हणून तो शतकानुशतकं टिकावा असा हिशेब. आर.सी.सी.चं काम केलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब झोंबतो, कारण सळई गंजून फुटलेले किती तरी स्लॅब मी पाहिले आहेत.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे १ जुलै २०२४. दीक्षाभूमीवर जमिनीखाली पार्किंगचं खोदकाम चाललं होतं. स्तूपाच्या पायाला धोका होईल म्हणून हजारो लोक जमले, काम बंद पाडलं, आणि सरकारला त्याच दिवशी स्थगिती जाहीर करावी लागली. जाळपोळही झाली, ती मला पटलेली नाही. पण साध्या माणसांनी पायाचा प्रश्न विचारला, हे बरं झालं. आपण तोच प्रश्न विचारला का? आपल्या विहाराचे कॉलम एका मजल्याच्या हिशेबानं घातलेले आहेत. ते घालताना मी स्वतः उभा होतो.

आता आपल्या गच्चीबद्दल. वीस फूट व्यासाचा घुमट धरला तर आत ३१४ चौरस फूट जागा मिळते. वीस बाय वीसची साधी खोली केली तर ४००. एका पोराला टेबल, खुर्ची आणि वाट धरून वीस चौरस फूट लागतात. खोलीत वीस पोरं बसतील. गोल भिंतीला टेबल लागत नाही, तिथं बारा बसली तरी पुष्कळ. घुमटाचं सेंटरिंग सुताराकडून मुद्दाम गोल करून घ्यावं लागतं आणि एकदा वापरलं की वाया जातं. आवाजाचं विजापूरला सांगितलंच. सिमेंटच्या गिलाव्याचा लहान घुमट लाउडस्पीकरचा आवाज गोळा करून मधोमध आपटतो. त्रिशरण कळेल, पुढचं व्याख्यान कळणार नाही.

आणि ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे मी काय सांगावा! स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री, पोरं अभ्यासाला बसतात तेव्हाच, उष्णता खाली सोडतो. यावर उपाय महाग नाही. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतला जगातला मोठा सन्मान मिळाला, त्यांनी अहमदाबादेतल्या आपल्या ‘संगाथ’ या ऑफिसच्या गोल छपरांवर फुटक्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर दिला. ऊन परत फेकलं जातं. तो चायना मोझाइक आपल्याकडचा कुठलाही फरशीवाला करून देईल. उजेडासाठी तर आपल्या वडिलांच्या मिलकडेच बघावं. साच्यांच्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं का असायचं? काचा उत्तरेला, म्हणजे कामगाराच्या सुतावर उजेड पडेल पण ऊन पडणार नाही. अभ्यासिकेच्या खिडक्याही उत्तरेला मोठ्या ठेवल्या तर दिवसा ट्यूब लावावी लागणार नाही.

टेबल-खुर्च्यांचं कुणी बोलतच नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि लग्नाच्या मांडवातली टेबलं आणून अभ्यासिका होत नाही, तासाभरात पाठ दुखते. चंदिगड शहर वसवलं तेव्हा, १९५० नंतर, पिअर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्या-कॉलेजांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखल्या. त्या तिथल्या सुतारांनी बनवल्या. पुढे सरकारी लोकांनी त्या भंगारात काढल्या आणि आज परदेशात लिलावात त्यांना लाखो रुपये येतात. आपल्याला लाखाची खुर्ची नको. पण आपल्या वस्तीत चांगले सुतार आहेत. टेबल तीस इंच, खुर्चीची बैठक सतरा-अठरा इंच, पाठीला थोडा कल, एवढं कागदावर काढून दिलं तर ते करतील. खाली मांडी घालून बसणाऱ्यांसाठी उतरतं बैठं डेस्क करावं, ते स्वस्तही पडतं.

मागच्या बैठकीत दोन्ही गट तावातावानं बोलत असताना मागून एक आज्जी म्हणाल्या, “घुमट बांधा न्हाईतर काई बी बांधा, आधी जिना नीट करा. गुडघ्यानं वर येतंय कोण?” सगळे हसले. मी घरी येऊन जिना मोजला. पायरी नऊ इंच उंच आहे, सहा असायला हवी. कठडा एकाच बाजूला. आणि बायकांसाठी मोरी-संडास वर नाहीच, खालीही एकच.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आधी जिना आणि संडास, मग उत्तरेच्या उजेडाची अभ्यासिका. कॉलमची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्यावी, आणि त्याने होकार दिला तर अभ्यासिकेच्या दर्शनी भिंतीवर चैत्याची कमान काढावी, कार्ल्याला आहे तशी. ती रस्त्यावरूनही दिसेल. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक आहे. जिन्याचा आणि खोलीचा कच्चा नकाशा मी घेऊन येतो, घुमटवाल्यांनीही आपला घेऊन यावा.

नमो बुद्धाय, जयभीम.