कमानीची कुरकुर

उंची वाढविलेल्या पिक-अप मोटारीच्या मागील भागांतून येणारा आवाज हा तिच्या मालकाच्या मागें लागलेला एक न सुटणारा ससेमिराच असतो. कारखान्यांतून आली तेव्हां गाडी मुकाट्यानें चालत होती. पुढें मोठीं चाकें बसविलीं, आंस आणि कमान यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा घातला, अधिक माल नेतां यावा म्हणून एखादी जादा पट्टी चढविली, आणि मग रस्त्यावरील प्रत्येक उंचवट्याशीं ती कुरकुरूं लागली. मिस्त्री एकामागून एक भाग बदलीत जातो. मालकाचा खिसा हलका होतो. आवाज जागच्या जागीं राहतो. याचें कारण त्या कमानीच्या जन्मकथेंतच सांपडतें.

युरोपांतील घोड्यांच्या गाड्यांचे डबे पूर्वीं चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेले असत. त्यामुळें धक्का कमी बसे खरा, पण डबा झोपाळ्यासारखा हेलकावे खाई. पोलादी कमानी कोणास ठाऊकच नव्हत्या असें नाहीं. ताण आणि भार यांचें प्रमाण रॉबर्ट हूक यानें १६७८ सालींच मांडलें होतें. परंतु १८०४ सालीं लंडनच्या ओबाडाया एलियट या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानें लंबवर्तुळाकृति कमानीचें पेटंट घेतलें, आणि गाडीचा भार सरळ आंसावरील कमानींवर आला. डब्याखालून जाणारा जड लांकडी दांडा नाहींसा होऊन गाडी हलकी झाली. या कमानीचीच पुढची पिढी मालमोटारींच्या कारखान्यांत आज ‘कमानपाटा’ या नांवानें ओळखली जाते.

तिची खुबी अशी कीं, ती एका तुकड्याची नसते. कमीअधिक लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मध्यें एका बोल्टानें त्या ओंवलेल्या असतात. भार पडला कीं पट्ट्या वांकतात आणि वांकतांना एकमेकींवर घसरतात. या घासण्यांत धक्क्याचा कांहीं जोर जिरून जातो. तो जिरला नसता तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ चेंडूसारखी उडत राहिली असती. म्हणजे ज्या घर्षणामुळें कमान कुरकुरते, तेंच घर्षण गाडीला आवरून धरीत असतें! पट्ट्यांमध्यें भरपूर तेल सोडावें तर कुरकुर थांबते, पण गाडी अधिक उसळते. जुन्या गाडीवानांपुढचा हा पेंच खरोखरच कठीण होता.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीला पुढें एक आणि मागें एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या. उसळी आवरणारें निराळें यंत्र कारखाना देत नसे. ज्याला हवें त्यानें बाहेरून विकत घ्यावें. अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं या गाडीची मागची बाजू कापून तेथें लांकडी पेटी बसविली, आणि धान्य, भाजी, दुधाचे डबे तींतून वाहूं लागले. बदल केलेल्या पिक-अपची परंपरा अशी कारखान्याच्या पिक-अपहून जुनी आहे. १९१७ सालीं फोर्डनें एक टन मालासाठीं ‘टीटी’ हा सांगाडा काढला. दोन आंसांमधील अंतर १०० इंचांवरून १२४ इंचांवर गेलें. १९२५ च्या एप्रिलमध्यें कारखान्यांतच पेटी बसविलेली छोटी गाडी २८१ डॉलरांस विक्रीस आली, तेव्हां तिच्या मागील कमानी मुद्दाम भारी घातलेल्या होत्या. पेटी कोणासही ठोकतां येते; तींतील ओझें शेवटीं कशावर विसावणार याचा विचार कारखान्यानें केला होता.

दरम्यान फ्रान्सांतील ट्रुफो याची घर्षणाच्या चकत्यांची युक्ति हार्टफर्ड यानें अमेरिकेंत आणली, आणि मागाहून तेलाचे शॉक-ॲब्सॉर्बर आले. उसळी आवरण्याचें काम कमानीकडून निघून या निराळ्या नोकराकडे गेलें. आतां कमानीला गप्प करण्यास हरकत उरली नाहीं. तिच्या टोंकांशीं रबरी बुश बसले. १९३४ सालीं जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढें गुंडाळीच्या कमानी आल्या. पिक-अपच्या मागें मात्र ओझ्यासाठीं पट्ट्याच राहिल्या.

गाडींत बदल करणारा मनुष्य ही सारी घडी विस्कटतो. उंची वाढली कीं कमानीच्या टोंकाशीं झुलणाऱ्या शॅकलचा कोन बदलतो, रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो, शॉक-ॲब्सॉर्बर आंखूड पडून ताणाच्या शेवटीं ‘ठक्’ करतो. शिवाय पोलादी सांगाडा आवाज दूरवर नेतो. डाव्या टोंकाची कुरकुर उजव्या कानाशीं ऐकूं येते. रेने लाएनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून ऐकलें, त्याच तऱ्हेनें मिस्त्रीही स्टेथॉस्कोप वापरतात. पण त्याहून स्वस्त उपाय पाण्याचा. एकेका सांध्यावर पाणी शिंपडून दुसऱ्यानें गाडी हलवावी. ज्या ठिकाणीं ओल लागतांच कुरकुर क्षणभर थांबते, बहुधा तेंच ठिकाण. रबरावर खनिज तेल मात्र घालूं नये. चार दिवस शांतता लाभते, मग रबर फुगून निकामी होतें. आणि तेल घालणारा त्या चार दिवसांतच बक्षीस घेऊन गेलेला असतो.

कुरकुर त्रास देते, पण खरें भय गाडी सुरू करतांना किंवा ब्रेक लावतांना होणाऱ्या एकाच जड ठोक्याचें. कमान आंसावर आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाले, कीं आंस ओढून धरण्याचा भार मधल्या लहानशा बोल्टावर येतो. त्याचें काम पट्ट्या ओंवून ठेवण्याचें, आंस ओढण्याचें नव्हे. तो तुटला तर आंस एका बाजूनें मागें सरकतो आणि भरधांव गाडी वांकडी होते. नवा ठोकळा किंवा जादा पट्टी प्रथम कांहींशी दबते, म्हणून बदल केल्यावर कांहीं शें मैलांनंतर हे बोल्ट पुन्हां आवळावे लागतात. पुष्कळ ठिकाणीं हें दुसरें आवळणेंच राहून जातें, आणि ठोका ऐकूं आला कीं मिस्त्री शॉक-ॲब्सॉर्बर बदलतो.

२००९ सालच्या डॉज रॅम १५०० या पिक-अपला मागेंही गुंडाळीच्या कमानी आल्या. तींत घासण्यास पट्टीच नाहीं. इतर बहुतेक पिक-अप अजून पट्ट्यांवरच चालतात, आणि त्यांचा आवाज शोधणारा मनुष्य आजही प्रथम पाना घेऊन यू-बोल्ट पाहतो व मग पाण्याची बाटली उघडतो.