न जुळणारे वजन

वात जळून जाते, पण बार होत नाही, असा एखादा फटाका दिवाळीत निघतोच. आकाशातही असे फुसके बार आहेत. १९६२-६३ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे भारतीय खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी गणित मांडले, की सूर्याच्या सुमारे ७ टक्क्यांहून कमी वस्तुमानाचा वायूचा गोळा कितीही आकसला, तरी त्याच्या पोटातली हायड्रोजनची भट्टी काही टिकून पेटायची नाही. निखाऱ्यासारखा तो निवतच जाणार. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी त्याला ‘ब्राऊन ड्वार्फ’ असे नाव दिले. आपण तपकिरी बटू म्हणू. रंगाने तो तपकिरी नसतो, ही गोष्ट वेगळी!

पुष्कळ वर्षे हे गणित कागदावरच राहिले. १९९५ मध्ये पालोमारच्या वेधशाळेतून बातमी आली, की ग्लीज २२९ या ताऱ्याशेजारी एक मंद ठिपका सापडला आहे. हा तारा १९ प्रकाशवर्षे दूर, मृग नक्षत्राच्या पायथ्याशी असलेल्या शशक तारकासमूहात आहे. ठिपक्याच्या प्रकाशात मिथेनच्या खुणा निघाल्या. ताऱ्याच्या धगीत मिथेन टिकत नाही. बटू सापडला!

मला खरी गोडी वाटते ती पुढच्या भागाची. निवत्या निखाऱ्याच्या तेजावरून त्याचे वजन सांगता येत नाही. लहान पण ताजा आणि मोठा पण जुना, दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून शास्त्रज्ञ बटूचे वय धरून सिद्धान्तावरून वजन काढतात. मग सिद्धान्ताची परीक्षा घ्यायची कशी? त्याला न विचारता वजन करून! बटू ओढतो तेव्हा ताराही किंचित सरकतो. हिप्पार्कस आणि गाया या युरोपीय उपग्रहांनी सुमारे २५ वर्षांच्या अंतराने घेतलेल्या वेधांतून ती हालचाल हाती लागली. २०२१ मध्ये न्यूटनच्या तराजूने उत्तर दिले: गुरूच्या सुमारे ७१ पट.

पंचाईत झाली. इतका जड बटू इतका मंद व्हायला त्या ताऱ्याच्या वयाहून कितीतरी अधिक काळ लागला असता. मोजमाप तर पक्के होते. सिद्धान्त चुकला म्हणावे, तर इतर कित्येक बटूंची वजने त्याच्याच भरवशावर ठरवलेली. काहींना शंका आली, की पारड्यात एकच बटू आहे कशावरून?

२०२४ मध्ये चिलीतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून तो ठिपका पाहिला, तेव्हा आत दोघे निघाले. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट. पृथ्वी-चंद्र अंतराच्या अवघ्या १६ पट अंतरावरून ते १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. हलके असल्याने ते वेळेत निवले होते. इतक्या दाटीत ते आले कसे, हे मात्र अजून उलगडलेले नाही.

अमावास्येच्या काळोखात, मध्यरात्रीनंतर मृगाच्या पायाशी पाहा. बटू दिसणार नाहीत. त्यांचा तारा मात्र लहानशा दुर्बिणीतही सापडतो.