नावं ठेवायची की सोडायची?

नावं ठेवण्यात आमचं घराणं पूर्वीपासून पुढे! पण परवा प्रश्न आला तो खऱ्याखुऱ्या नावांचा. तीन डोमेन नावांची मुदत संपत आलीये, पैसे भरा, अशी मेल आली. पहिल्या नावावर मावसभावाचा मसाल्यांचा धंदा उभा राहणार होता, तो काही राहिला नाही. दुसरं मी जोशात घेतलं होतं, कशासाठी ते आता आठवतही नाही. तिसऱ्यावर बाबांनी आमचा कुलवृत्तांत चढवला होता. बाबा गेले, पानही बंद पडलं. दर वर्षी मी मुकाट्याने पैसे भरतोय. यंदा म्हटलं, जरा विचार तर करू.

गंमत म्हणजे सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. अर्पानेटच्या काळात सगळ्या संगणकांची नावं एकाच फाईलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. संगणक वाढले, तशी फाईल आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी ज्याने त्याने आपापल्या शाखेची वही ठेवायची. १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं. तेही फुकट! खर्च अमेरिकी सरकारच्या पैशातून व्हायचा. फुकटची वस्तू ठेवू की टाकू, असा विचार कोण करतो?

सप्टेंबर १९९५ मध्ये मात्र नेटवर्क सोल्यूशन्स कंपनीला पैसे घ्यायची मुभा मिळाली. पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे वर्षाला ५०. आपण 'डोमेन विकत घेतलं' म्हणतो, पण खरं तर ती भाड्याची खोली. १९९९ मध्ये इतर कंपन्या या धंद्यात आल्या, भाव उतरले आणि माझ्यासारख्या हौशी लोकांचं फावलं.

आणि भाडं भरायचं राहिलं तर? डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण राहून गेलं आणि लोकांचं हॉटमेल अडलं. मायकेल चेनी नावाच्या लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. भला माणूस! पण दर वेळी भलाच माणूस भेटेल असं थोडंच आहे?

इथे मी थबकलो. बाबांनी एका दिवाळीत सगळ्या नातेवाइकांना आमच्या डोमेनवरचे ईमेल पत्ते वाटले होते. पान बंद असलं तरी ते पत्ते अजून चालू आहेत. काकांच्या बँक खात्याला तोच पत्ता आहे. डॉट कॉम नाव रद्द झालं की ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात, पुढे ५ दिवस ते अडकून राहतं आणि मग कुणालाही घेता येतं. त्या नव्या माणसाने 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली, की काकांच्या नावाची मेल त्याच्या हातात! पाडलेल्या घरी पत्र येत नाही. सोडलेल्या नावावर मात्र येतच राहतं, फक्त उघडणारा वेगळा.

सिम्बॉलिक्स कंपनी पुढे बुडाली, पण नाव शिल्लक राहिलं. २००९ मध्ये ते दुसऱ्यांनी विकत घेतलं. नाव माणसांपेक्षा चिवट असतं हेच खरं.

तर निर्णय असा. मसाले आणि माझा जोश, दोन्ही नावं सोडली. त्यांच्यावर कधी कुणाचं पत्रच आलं नाही. बाबांचं नाव ठेवलंय. भावनेपोटी म्हणाल, तर थोडं तसंही. पण मुख्य कारण काका.

नातेवाईक मंडळी, तो जुना पत्ता कुठे कुठे दिलाय ते आठवा आणि बदलून घ्या. तोवर भाडं मी भरतो. पत्ते सगळ्यांचे बदलून झाल्यावर नाव सोडेन का? तेव्हाचं तेव्हा बघू. असो.