सेवेचे पदक आणि दूरचा डॉक्टर

श्रोतेहो, रणांगणावरच्या पराक्रमाला वीरचक्र मिळते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण सैन्यातल्या थोर सेवेचाही गौरव होतो. त्यासाठी २६ जानेवारी १९६० रोजी तीन श्रेणींचे पदक सुरू झाले. १९६७ साली त्यांना परम, अति आणि विशिष्ट सेवा पदक अशी नावे मिळाली.

ही तिन्ही पदके लाभलेल्या डॉक्टर म्हणजे लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर. संरक्षण दलांच्या एकात्मिक मुख्यालयात त्या वैद्यकीय उपप्रमुख असताना ‘सेहत’ ही दूरवैद्यक सेवा आली. ऑगस्ट २०२० मध्ये तिची चाचणी झाली, २७ मे २०२१ रोजी उद्घाटन झाले. कोरोनाच्या त्या दिवसांत जवानाला आणि त्याच्या घरच्यांना घरबसल्या लष्करी डॉक्टरांचा सल्ला मिळू लागला.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या जवानाच्या म्हाताऱ्या आईला याचे मोल विचारा! एस्टी नाही, रांग नाही. अर्थात नाडी पाहायला आणि सुई टोचायला माणूस जवळच हवा.

२०२१ मध्येच कानिटकरबाई नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. धुळे-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पदवी घेतात ती याच विद्यापीठाची. गुरुजी, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी उद्या तिथे शिकेल. पदकाची ही गोष्ट तिला जरूर सांगा.