थोड्या उजेडातले मोठे चित्र

घरगुती वापराच्या स्वस्त प्रोजेक्टरचे चित्र फिके दिसते, कोपऱ्यांत धूसर होते आणि त्यातला काळा रंग राखाडी उतरतो, ही तक्रार आज सर्रास ऐकू येते. परंतु ती या यंत्रांपुरती नाही, तर पडद्यावर उजेडाने चित्र टाकण्याच्या कलेइतकीच जुनी आहे. या कलेच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत पुरेसा प्रखर दिवा फार थोड्यांच्या आवाक्यात होता आणि बहुसंख्य खेळ करणाऱ्यांना अपुऱ्या उजेडावरच भागवावे लागले. त्यांनी चित्र सुधारले ते मुख्यतः दिवा बदलून नव्हे, तर दिव्याची जागा, काचेवरचे रंगकाम, पडद्याचे कापड आणि भोवतालचा काळोख यांकडे काटेकोर लक्ष देऊन. कल्याणचा शांबरिक खरोलिका हा काचेवरच्या चित्रांचा खेळ आणि महाराष्ट्रातल्या यात्रांमधले तंबूतले सिनेमे ही या शहाणपणाची आपल्याकडची दोन ठळक उदाहरणे होत.

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास जो जादूचा कंदील, म्हणजेच मॅजिक लँटर्न, तयार केला त्याची रचना आजच्या प्रोजेक्टरच्या रचनेपासून तत्त्वतः फारशी वेगळी नाही: मागे दिवा, त्यापुढे उजेड गोळा करून चित्रावर टाकणारे भिंग, मग काचेवर रंगवलेले चित्र आणि शेवटी ते मोठे करून पडद्यावर उमटवणारे भिंग. उणीव होती ती दिव्याची. तेलाच्या साध्या वातीचा उजेड इतका तोकडा होता की चित्र काही फुटांपलीकडे मोठे केले की ते जवळजवळ नाहीसेच होई. १७८० च्या दशकात आर्गां नावाच्या संशोधकाने पोकळ वातीचा आणि काचेच्या चिमणीचा दिवा काढला, त्यामुळे ज्योतीला आतून-बाहेरून हवा मिळून उजेड बराच वाढला. आणि १८२० च्या दशकात चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत सोडून ती पांढरीशुभ्र तापवण्याची युक्ती पुढे आली, जिला लाइमलाइट म्हणतात. ब्रिटिश अधिकारी टॉमस ड्रमंड याने भूमापनात तिचा उपयोग केला आणि मग नाटकगृहांनी व मोठ्या सभागृहांतल्या लँटर्नवाल्यांनी ती उचलली. मात्र तिच्यासाठी वायू तयार करणे, ते दाबाखाली किंवा पिशव्यांत साठवणे आणि ज्योतीने खड्डा पडू लागला की चुन्याची कांडी फिरवत राहणे ही सारी यातायात खर्चिक होती व जिवावर बेतणारीही होती. पॅरिसमध्ये ४ मे १८९७ रोजी एका धर्मादाय बाजारात चलच्चित्रांच्या खेळाला लागलेल्या आगीत सव्वाशेच्या आसपास माणसे दगावली, ती आग ईथर व ऑक्सिजनवर चालणाऱ्या अशाच एका दिव्यापासून भडकली होती. त्यामुळे शाळा, मिशनरी, व्याख्याते आणि घरगुती हौशी यांच्या वाट्याला उरला तो रॉकेलचा दिवा, आणि चांगल्या चित्राची विद्या खऱ्या अर्थाने वाढली ती या गरीब दिव्याच्या आधारानेच.

या विद्येचा पहिला भाग दिव्याच्या जागेचा होता. दिव्याचा उजेड एकवटणाऱ्या भिंगांना कंडेन्सर म्हणतात, आणि त्या भिंगांच्या मध्यरेषेवर, नेमक्या अंतरावर ज्योत नसेल तर निम्मा उजेड डब्याच्या आतच वाया जातो. म्हणून जाणता लँटर्नवाला खेळाआधी कंदिलात काच न घालता नुसते उजेडाचे वर्तुळ पडद्यावर पाडत असे आणि त्या वर्तुळाच्या कडेला निळसर किंवा तांबूस झाक दिसली तर ती जाईपर्यंत दिवा मागेपुढे आणि डावीउजवीकडे सरकवत असे. दुसरा भाग भूमितीचा होता. चित्राची रुंदी दुप्पट केली की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच उजेड चौपट जागेत पसरल्यामुळे प्रत्येक बिंदूच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. तेव्हा मंद दिव्याच्या धन्याने मोठ्या चित्राचा मोह टाळायचा, हा नियम भौतिकशास्त्राने घालून दिलेला आहे आणि त्याला अजून पळवाट सापडलेली नाही. कंदील खाली ठेवून तोंड वर केले की चित्र वरच्या बाजूला रुंद आणि खाली अरुंद होते, ज्याला कीस्टोन दोष म्हणतात. त्यावर पडद्याचीच वरची कड कंदिलाकडे थोडी झुकवणे हा जुना उपाय होता. त्यात चित्राचा एकही कण वाया जात नसे. आजच्या प्रोजेक्टरमधली कीस्टोन दुरुस्ती चित्र आतल्या आत मुरडून लहान करते आणि मुळातल्या बारकाव्यांचा काही भाग गमावते, म्हणून जुना उपाय हाच अजूनही सरस ठरतो.

तिसरा आणि सर्वांत मोलाचा भाग काळोखाचा. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे तेवढ्या जागी उजेडाचा अभाव. कोणताही दिवा काळा रंग पाडू शकत नाही, तो फक्त राखता येतो. आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रोबेर याने १७९८ पासून पॅरिसमध्ये फँटॅस्मागोरिया नावाचे भुतांचे खेळ केले, तेव्हा त्याने काचेवर फक्त आकृती रंगवून तिच्याभोवतीची सारी काच अपारदर्शक काळ्या रंगाने माखून टाकली, त्यामुळे पडद्याचा चौकोन दिसेनासा होऊन आकृती तेवढी अंधारात तरंगताना दिसू लागली. चित्र फिके दिसण्याचे कारण पुष्कळदा उजेड कमी असणे हे नसून नको तिथे पडलेला उजेड हे असते, ही गोष्ट त्याने पुरती ओळखली होती.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मुलांच्या साथीने उभा केलेला शांबरिक खरोलिकेचा खेळ हा याच विद्येचा मराठी आविष्कार होता. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतल्या कथा काचांवर हातांनी रंगवायच्या, निवेदन, संवाद व गाणी यांच्या साथीने त्या पडद्यावर मांडायच्या आणि पात्रे हलल्याचा भास निर्माण करायचा, असे त्याचे स्वरूप होते. एका कंदिलातून देखावा आणि दुसऱ्यातून पात्र अशी दोन चित्रे एकमेकांवर टाकायची असतील तर पात्राच्या काचेवरचा काळा भाग पूर्णपणे अपारदर्शक असावा लागतो, कारण त्यातून किंचितही उजेड झिरपला तर मागचा देखावा धुवून निघतो. त्यात रंगकामाची कसोटी अशी की तीन इंचांचे चित्र दहा फुटांचे होताना ते चाळीस पटींनी वाढते, म्हणजे कुंचल्याची एका मिलिमीटरची चूक पडद्यावर चार सेंटिमीटरची होते. शिवाय रंग पारदर्शक हवेत, कारण कागदावर खुलणारा दाट रंग काचेवर उजेड अडवतो आणि पडद्यावर नुसता काळा डाग उमटवतो. पटवर्धन कुटुंबाने हा खेळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत गावोगावी केला. त्यातल्या काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेल्या आहेत, आणि भारतीय चित्रपटाचा इतिहास केवळ कॅमेऱ्यापासून मोजणाऱ्यांनी त्या अवश्य पाहाव्यात, कारण पडद्यावरच्या चित्राची जाण या प्रांतात कॅमेऱ्याच्या आधी पोहोचलेली होती, याचा तो निर्विवाद पुरावा आहे.

पडद्याचेही एक शास्त्र होते. खेळ पडद्यामागून करायचा असला की कापड पाण्याने भिजवत, कारण पाणी धाग्यांमधल्या फटी भरून काढते, उजेडाचे विखुरणे कमी होते आणि तो अधिक प्रमाणात प्रेक्षकांकडे आरपार जातो. रोबेरने त्यासाठी मेण लावलेले कापड वापरले होते. खेळ समोरून करायचा असला तर याच्या उलट कोरडा, दाट विणीचा आणि शुभ्र पडदा हवा, आणि पातळ चादर वापरली की निम्मा उजेड मागच्या भिंतीवर जाऊन बसतो. चांदीसारख्या धातुवर्णी लेपाचा पडदा समोर बसणाऱ्याला अधिक उजळ चित्र देतो, पण ते कडेला बसणाऱ्याच्या वाट्याचे काढून देतो. पडदा उजेड निर्माण करत नाही, फक्त वाटतो.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला आणि कंदिलाच्या जुन्या रचनेत काचेची जागा फितीने घेतली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके प्रोजेक्टर, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून खेड्यांत गेले, आणि पुढे तंबूतल्या सिनेमाने, म्हणजे टुरिंग टॉकीजने, साताऱ्यातल्या पुसेगावासारख्या यात्रा गाठल्या. तिथला उजेड कार्बन आर्कचा होता: जनरेटरच्या विजेवर दोन कार्बन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा अखंड झोत पेटतो, त्या कांड्या जळत जातात, आणि त्यांच्यातले अंतर वाढले की चित्र पिवळे पडून थरथरू लागते. ऑपरेटरचा एक डोळा पडद्यावर आणि एक हात कांड्या पुढे सारणाऱ्या मुठीवर असे. रीळ बदलताना तो फीत धरणारे गेट पुसून घेई, भिंगावरची धूळ काढी, आणि जनरेटरचा सूर उतरला की चित्र फिके पडण्याआधीच त्याच्या ते ध्यानात येई. तंबूच्या कापडाला दिवसाचा उजेड अडवता येत नाही, म्हणून खेळ रात्रीचाच असे, आणि शेजारच्या दुकानांच्या दिव्यांपासून पडद्याचे तोंड फिरवून ठेवणे हाही या धंद्याच्या व्यवहाराचा भाग होता. या माणसांची नावे चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच सापडतात, आणि ही त्या ग्रंथांची गंभीर उणीव आहे.

घरातल्या खेळाची परंपरा याला समांतर चालली. एकोणिसाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या खेळणी बनवणाऱ्यांनी मुलांसाठी पत्र्याचे कंदील विकले, आणि १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटर फितीचा पाथे बेबी हा स्वस्त प्रोजेक्टर बाजारात आणला, ज्याचा लहानसा दिवा खोली अंधारी करून छोटे चित्र पाहणाऱ्यालाच समाधान देई. विसाव्या शतकाच्या अखेरीस फितीची जागा द्रवस्फटिकाच्या काचेने, म्हणजे एलसीडीने, किंवा सूक्ष्म आरशांच्या चकतीने घेतली आणि स्वस्त यंत्रांत दिव्याच्या जागी एलईडी आले. एवढे होऊनही उणिवा त्याच राहिल्या: एकच लहान काच, प्लास्टिकचे भिंग, आत शिरणारी धूळ आणि खोक्यावर फुगवून छापलेला उजेडाचा आकडा.

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, आणि पडद्यावरच्या नऊ जागी मोजून सरासरी काढलेला एएनएसआय आकडाच तुलनेला उपयोगी पडतो. असे खरे २०० ल्युमेन देणारा प्रोजेक्टर २ मीटर रुंद चित्र पाडतो तेव्हा साध्या पांढऱ्या पडद्याची तेजस्विता दर चौरस मीटरला २८ कँडेला एवढीच भरते. तेच चित्र दीड मीटर रुंद केले की ती ५० वर जाते, आणि चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रक्षेपणाचे प्रमाण ४८ आहे. अर्थात हा हिशेब पूर्ण अंधाऱ्या खोलीतला आहे. दिवा लावलेल्या किंवा पांढऱ्या भिंतींनी उजेड परतवणाऱ्या खोलीत याच यंत्राचा काळा रंग पुन्हा राखाडी होतो. म्हणून स्वस्त प्रोजेक्टर घेतलेल्या वाचकाने नव्या यंत्राचा विचार करण्याआधी जाड गडद पडदे खिडक्यांना लावावेत, पडद्याभोवतीची भिंत काळ्या कापडाने झाकावी, यंत्र पडद्यासमोर सरळ ठेवून कीस्टोन दुरुस्ती बंद करावी, भिंग पुसावे आणि चित्र हातभर लहान करावे. हे सारे मिळून जेवढा खर्च येतो त्यापेक्षा नवे यंत्र सहसा महागच पडते.